दाराला कडी असलेल्या खोल्या

बा,

परवा दुपारी म्युनिसिपालटीचा शिपाई शाळेत आला आणि लाल कापडात बांधलेलं एक जुनं बाड माझ्या टेबलावर ठेवून गेला. नव्या प्रेसिडेंटनं ते पाठवलं होतं. इंग्रज गेल्यापासून कमिटीवर बरीच तरणी माणसं आली आहेत, त्यातलाच हा एक. सोबत चिठ्ठी होती. कमिटीपुढे दोन ठराव आले आहेत. एक मजुरांसाठी खोल्या बांधायला निधी काढण्याचा, दुसरा शेतमजुरांचा जाहीर सत्कार करण्याचा. पहिला पैशाचा मेळ बसेपर्यंत पुढे ढकलला आहे, दुसरा एकमतानं मंजूर झाला आहे. तर मोठ्या बाईंनी, म्हणजे मी, मानपत्राचा मजकूर लिहून द्यावा. असाच सत्कार गावात पूर्वी एकदा झाला होता, तेव्हा बाईंचे वडीलच मेंबर होते, म्हणून त्या वेळचे कागद माहितीसाठी पाठवत आहोत. मी बाड सोडलं. तिसऱ्या कागदाच्या तळाशी तुझी सही होती. मी तो कागद पुन्हा घडी करून ठेवला, दोन दिवसांत मानपत्र लिहिलं आणि काल संध्याकाळी बाडासकट परत पाठवून दिलं. त्या सहीची हकीकत मला माहीत आहे, हे मी चिठ्ठीत कुठं लिहिलं नाही.

त्या कागदाबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. तू जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा तुला पत्र लिहिणं हा वेडेपणाच आहे, आणि तोही मी या पुस्तकी भाषेत करते आहे. या भाषेवरून तू मला एकदा बोलला होतास, तेवढंच एकदा. मी अमरावतीच्या मास्तरणींच्या शाळेतून शिकून आले होते आणि आपल्या मळ्यात निंदणाला आलेल्या बायांना सांगत होते की पानी नाही, पाणी म्हणावं, सांबार नाही, कोथिंबीर म्हणावं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. तू मोट थांबवलीस आणि तिथूनच ओरडलास, "तुही भाषा शायेत ठेव व. अथी निंदन चालू हाय." मला राग आला होता. आता वाटतं, त्याहून जास्त वेळा बोलायला हवं होतंस.

गावाच्या उगवतीला, नदीच्या वळणावर आपला मळा. वांगी, मिरची, मेथी, आणि थंडीत पानकोबी. दौऱ्यावर आलेल्या गोऱ्या साहेबाच्या तंबूत आपल्या मळ्यातली पानकोबी जायची. एके वर्षी साहेब स्वतः मळा पाहायला आला, तुझ्याशी बांधावर उभं राहून बोलला आणि त्या वर्षी तुला कमिटीवर सरकारी मेंबर नेमलं. गावानं तुझं नावच पानकोबी मेंबर ठेवलं. बाकीचे मेंबर म्हणजे कापसाचे अडते, एक वकील, दवाखान्याचे डॉक्टर. त्यांच्यात तू धुतलेलं धोतर नेसून, पागोटं बांधून शेवटच्या खुर्चीवर बसायचास. अंगठा उठवायची तुला लाज वाटायला लागली, तेव्हा मी तुला सही शिकवली. आधी पाण्याच्या दांडातल्या ओल्या मातीत काडीनं, मग पाटीवर. महिनाभर लागला. तुझं शेवटचं अक्षर नेहमी ओळ सोडून खाली उतरायचं.

माझं लग्न नवव्या वर्षी झालं होतं आणि अकराव्या वर्षी नवरा गेला म्हणून मी परत आले होते. आई त्याआधीच गेलेली. भाऊकीत सगळे म्हणत, पोरीचा पाट लावून दे. आपल्यात ते चालतही होतं. तू ऐकलं नाहीस. मला शाळेत बसवलंस, सातवी करवलीस, आणि मग पत्र्याची पेटी घेऊन बंडीतून कारंज्याच्या स्टेशनावर, अमरावतीकडच्या गाडीला सोडायला आलास. पेटीत एका अंगाला पुस्तकं होती आणि दुसऱ्या अंगाला तू वांगी भरली होतीस, शहरात ताजी मिळत नसतील म्हणून. पण शिकून परत आल्यावर नोकरी कुठली? मुलींच्या शाळेत मास्तरीणबाईची एक जागा होती, ती कमिटी भरणार होती. तोवर मालेगावकडचा एक बिजवर मला मागायला लागला होता. त्याचा संत्र्याचा बाग होता, तीन लेकरं होती आणि माझ्याहून तो पुष्कळ मोठा होता. त्याची आई येऊन मला पाहूनही गेली. तू म्हणालास, "शायेचं काय होते ते पाहू, मंग बोलू." माझा सगळा जीव त्या "पाहू"मध्ये अडकला होता.

आणि निंदणाच्या त्या बायांमध्ये ती होती. आपण तिला शेलूबाजारवाली म्हणायचो, कारण ती तिकडच्या एका खेड्यातून यायची. नवरा कुठल्यातरी हंगामात निघून गेला, तो परत आला नव्हता. दसऱ्यानंतर कापूस वेचायला ती दोन मुलींना घेऊन गावात येई, वेचणी नसेल त्या दिवशी आपल्याकडे निंदायला येई, आणि राहायला जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या भिंतीला टेकून बांधलेल्या झोपड्यांत. तुराट्यांचे कुड, वर गवत, दाराच्या जागी पोतं. अशा तीस-चाळीस झोपड्या दर वर्षी उठायच्या आणि उन्हाळ्यात मोडायच्या. मोठी मुलगी सात-आठ वर्षांची, धाकटी तीनाची. धाकटी मला "मास्तीन" म्हणायची. वेचणीला लेकरू नेलं तर शेतमालक काम देत नसे, आणि मोकळं सोडलं तर शेजारी जिनाचं इंजिन, विहीर, गाड्यांची चाकं. म्हणून सगळ्याच बाया लहान लेकराच्या पायाला चिंधी बांधून दुसरं टोक झोपडीच्या खांबाला बांधायच्या, पाण्याचं गाडगं आणि भाकरीचा तुकडा जवळ ठेवायच्या आणि शेतावर जायच्या.

संक्रांत होऊन गेली होती. वारा सुटलेला. आपण दोघं मेथीच्या जुड्या बांधत बसलो आहोत. तू मान वर करतोस आणि जिनाकडं पाहतोस. धूर गंजीचा की झोपड्यांचा, ते तुला माझ्या आधी कळतं. तू पाण्याची घागर उचलून धावतोस, मी मागे. तुराटी आणि गवत, वरून वारा. आपण पोचलो तेव्हा अर्धी रांग पेटली होती. चालती लेकरं बाहेर येऊन रडत होती. जिनातले गडी बादल्या मारत होते. ठिणगी चुलीतली होती की विडीची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मोठी मुलगी पाण्याला गेलेली, ती तशीच हंडा घेऊन उभी होती आणि एकाच झोपडीकडं बोट दाखवत होती. तू आत शिरलास. मी तुला हाक मारली का, ते मला आठवत नाही. तू बाहेर आलास तेव्हा तुझ्या हातात ती होती आणि तिच्या पायाला ती चिंधी होती. पुढचं मी लिहीत नाही. तू ते पाहिलंस, मीही पाहिलं.

तिची आई दोन कोसांवरच्या शेतातून धावत आली. कमरेच्या ओटीत वेचलेला कापूस तसाच होता. तिनं मुलीकडं आधी पाहिलं नाही, तुझ्याकडं पाहिलं. "दादा, गाठ सुटली नाई काय?" म्हणाली.  मग ती खाली बसली आणि कुणालाही न सांगता आपल्याशीच सांगत राहिली, की पोरगी गाठ सोडायला शिकली होती, परवा सुटून रस्त्यावर गेली होती, म्हणून आज तिनं पक्की मारली होती.

दुसऱ्या दिवशी मुलीला नदीच्या अंगाला पुरून ती मोठीला घेऊन गावाकडे निघून गेली. तुझ्या दोन्ही हातांना फोड आले होते. मी चुन्याच्या निवळीत जवसाचं तेल घोटून लावत होते.  पाचव्या दिवशी तू म्हणालास, "कागद आन."

"लिह्य. जिनाच्या मांगं कमिटीची पडीत जागा हाय. तथी दहा खोल्या. बाजाराचं जे उत्पन्न येते, त्यातून बांधा म्हना."

मी लिहिलं, 'मजूरवर्गाच्या निवासाची सोय करण्यात यावी', आणि वाचून दाखवलं.

"निवास कायले म्हनतेत?"

"राहायच्या जागेले."

"राहाची जागा तं पोतं लावलं तरी होते. तू घर लिह्य. इटाच्या भिती, वर टिन. अन दाराले कडी. कडीचं खास लिह्य."

"कडीचं ठरावात कोनी लिहिते काय, बा? ते मिस्त्री पाहीन."

तू माझ्याकडं पाहिलंस. "कडी असली म्हंजे लेकराले बांधा लागत नाई," म्हणालास.

मी कडी लिहिली. त्या ठरावातलं तेवढंच एक वाक्य तुझ्या शब्दांत राहिलं.

बैठकीच्या दिवशी मीही तुझ्यासोबत आले, कारण माझा अर्जही त्याच दिवशी निघायचा होता. बायकांनी आत बसायची रीत नव्हती. मी व्हरांड्यातल्या बाकावर, खिडकीखाली. तुझा ठराव कारकुनानं वाचला. कडीपाशी कुणीतरी हसलं. मग वकील उठले. ते व्हाइस प्रेसिडेंट होते. त्यांचा आवाज गोड होता आणि माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणायचं आहे. गावात मुलींची शाळा त्यांच्यामुळे निघाली. ते म्हणाले, मजूर हंगामापुरते येतात आणि जातात, उरलेले सात-आठ महिने या खोल्यांत कोण राहणार? शिवाय निधी कुठे आहे? त्यापेक्षा गावानं त्यांच्या श्रमाची जाहीर कदर करावी. निवडक शेतमजुरांना बाजारात सर्वांसमक्ष नारळ आणि वस्त्र द्यावं. "पोळ्याला आपण बैलाची पूजा करतो, शिंगांना बेगड लावतो, पुरणपोळी घालतो. मग ज्या माणसाच्या हातचा कापूस आपण विकतो, त्याला वर्षातून एक दिवस का देऊ नये?" आतून वा, वा ऐकू आलं. तू उठलास हे मला खुर्चीच्या आवाजावरून कळलं.

"वकीलसायब, तुमी बोलले ते बेस बोलले. सत्कार करा, माही ना नाई. पोळा आमीबी करतो. पन पूजा झाली म्हंजे बैल गोठ्यात जाते. याहिनं कुठी जाव?"

"पानकोबी बोलली," असं कुणीतरी म्हणालं, पण या वेळी हसलं कुणी नाही.  मग एक अडते, जे कधी कशावर बोलत नसत, म्हणाले, "बात त्याची बराबर हाय." आणि डॉक्टर एवढंच म्हणाले, "मी त्या मुलीला पाहिलं आहे." प्रेसिडेंटनं दोन्ही ठराव पुढच्या बैठकीवर टाकले. माझा अर्जही. घरी येताना तू रस्ताभर बोटं मोडून मेंबर मोजत होतास. आणखी दोघं वळले की झालं, म्हणत होतास. खरंच झालं असतं, बा. ते दोघं वळलेही होते. मला ते नंतर कळलं.

चार दिवसांनी तू बाजारात भाजी घेऊन गेला असताना वकील मळ्यात आले. मी एकटी होते. त्यांनी एक कागद दिला. म्हणाले, "तुझ्या वडिलांचाच ठराव आहे, थोडा दुरुस्त केला आहे. त्यांची संमती हवी. तू वाचून दाखव. सगळे शब्द त्यांना कळणार नाहीत, त्यांना कळेल तेवढं सांग. तू शहाणी मुलगी आहेस." मग विहिरीत वाकून पाहत म्हणाले, "तुझा अर्जही त्याच बैठकीत आहे. प्रेसिडेंटसाहेबांना तंटा आवडत नाही. एकमतानं सगळं झालं तर बाकीचंही सुरळीत होईल." ते गेल्यावर मी कागद वाचला. मूळ ठराव मागे घेण्यात येत आहे. निधीची तरतूद झाल्यावर, कमिटीच्या सवडीनुसार, मजुरांसाठी खोल्या बांधण्याचा विचार करण्यात यावा. सूचकास मान्य. आणि सहीसाठी जागा. अमरावतीला आम्हाला व्याकरण कसून शिकवलं होतं. त्या वाक्याचा अर्थ मला एका वाचनात कळला.

तू बाजारातून आलास, पाय धुतलेस आणि दांडाच्या कडेला बसलास. सगळी भाजी खपली म्हणून खुशीत होतास. मी कागद पुढे धरला आणि वाचलं, 'मजुरांसाठी खोल्या बांधण्यात याव्या.' एवढंच वाचलं.

"कडीचं हाय काय?"

"हाय."

"अन कवा बांधतीन, ते लिहेल हाय?"

"पावसाळ्याच्या आंधी."

हे मी कुठून आणलं, मला माहीत नाही. तू विचारलंस आणि ते तोंडातून आलं. तू हसलास. त्या आगीनंतर पहिल्यांदा हसलास. "वकील इतक्या लवकर मानला? मंग मानूस खराब नाई तो." हात धोतराला पुसलेस. तळहाताची नवी कातडी गुलाबी आणि चकचकीत होती, टाक धरताना तुला दुखत होतं. मी कागदाचं टोक धरून ठेवलं. तू जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढलंस. त्या वेळी माझ्या मनात ती मुलगी नव्हती, बा. तिची आईही नव्हती. मालेगावच्या त्या म्हातारीनं माझा दंड दाबून पाहिला होता, कामाला बरी आहे का म्हणून, ते होतं. आणि शाळेच्या व्हरांड्यातली एक खुर्ची होती.

सगळं एकमतानं झालं. खोल्यांचा दुरुस्त ठराव, सत्काराचा ठराव, माझी नेमणूक. तू गूळ वाटलास, आधी माझ्या नोकरीचा आणि मग खोल्यांचा. मळ्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला तू सांगत होतास, पुढच्या वर्षी कडीच्या दाराआड निजसाल. मालेगावच्या माणसाला तू निरोप धाडलास की पोरगी आता मास्तरीण झाली, तुमी दुसरीकडं पाहा. सत्काराला शेलूबाजारवालीचं नाव वकिलांनीच सुचवलं. तुला ते पटलं. तू बंडी जुंपून स्वतः तिच्या खेड्यात गेलास. ती येत नव्हती म्हणे. तू तिला सांगितलंस, पहिली खोली तुला मिळणार आहे, मोठीला घेऊन ये, जागा तरी पाहून घे. तेव्हा ती आली.

पाडव्याच्या आधीच्या बाजाराचा दिवस. दोन बंड्यांवर फळ्या टाकून मंच केला आहे, वर मांडव, आंब्याची पानं. मेंबर खुर्च्यांवर बसले आहेत, तू शेवटच्या खुर्चीवर. मंचाच्या उजव्या बाजूला शाळेच्या मुली दोन रांगांत उभ्या आहेत आणि त्यांच्यापुढं मी, नवं लुगडं नेसून. मुलींनी स्वागताचं गाणं म्हणायचं आहे, प्रत्येक सत्कारानंतर एक कडवं. चार मजुरांना नारळ आणि धोतर मिळालं. शेवटी तिला बोलावलं. प्रेसिडेंटनं तिच्या हातात नारळ आणि हिरवं लुगडं दिलं. वकील बोलले. ही गावाची लक्ष्मी आहे, असं काहीतरी बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं खाली उतरायला हवं होतं. ती उतरली नाही.

"खोल्या कुठी बांधून राह्यले?" तिनं वकिलांना विचारलं. मोठ्यानं नाही, पण पुढच्या रांगांना ऐकू गेलं. "म्या येता येता पाह्यलं. जागा तशीच पडेल हाय."

वकील हसले. "बांधू, बाई. निधीची तरतूद झाली की बांधू."

तिनं तुझ्याकडं पाहिलं. तू उठलास. "सायब, पावसाळ्याच्या आंधी लिहेल हाय ना."

"कुठं लिहिलं आहे?" वकिलांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण चिडून नाही, गमतीनं विचारलं. "ठराव तुमच्याच सहीचा आहे. निधी मिळाल्यावर, सवडीनुसार. मुलीनं वाचून दाखवला नव्हता का?"

तू वळून माझ्याकडं पाहिलंस. किती वेळ पाहिलंस ते मला सांगता येणार नाही. माझ्या तोंडाकडं पाहून तुला सगळं कळलं, एवढं मला कळलं. मी तेव्हाही बोलू शकले असते. तू परत मंचाकडं तोंड केलंस आणि म्हणालास, "वाचून दाखवलता. माह्याच ध्यानात नाई राह्यलं."

लोक हसले. मागून कुणीतरी "पानकोबी" म्हणून ओरडलं. तू तिच्याजवळ गेलास, "चूक माही हाय, माय," म्हणालास आणि तिला घेऊन मंचावरून उतरलास. लुगडं तिनं ठेवून घेतलं. का ठेवू नये? तिच्या अंगावरचं तीन ठिकाणी फाटून दंड घालून शिवलेलं होतं. तू तिला मळ्यातल्या खोपीत राहा म्हणालास. ती म्हणाली, "आता नाई, दादा." पुढच्या हंगामात ती आपल्या गावात आली नाही. किन्हीराजाच्या अंगाला कुणाकुणाच्या शेतात वेचते असं कानावर आलं, मग तेही येईनासं झालं.

त्याबद्दल तू मला एक शब्द बोलला नाहीस. ना त्या दिवशी, ना नंतर. मी शाळेतून आले की "जेवली काय?" विचारायचास, आधी विचारायचास तसंच. पण घरात कागद आला की तो पागोट्यात खोचून पोस्टमास्तरकडे न्यायला लागलास. शेतसाऱ्याचा असो, कमिटीचा असो, मावशीचं पत्र असो. पुढच्या चार बैठकांत तू चारदा उठून विचारलंस, खोल्यांचं काय झालं? चारदा उत्तर मिळालं, सवड झाली की. त्यानंतर तुझी नेमणूक संपली आणि ती पुन्हा झाली नाही. जिनामागच्या पडीत जागेवर कापसाच्या गाड्यांचं वजन करायचा काटा बसला. तू मळ्यात, विहिरीच्या पलीकडं, स्वतःच्या हातानं कच्च्या विटा पाडून एक खोली बांधलीस. मिरचीचे दोन वाफे त्यात गेले. दाराला कडी लावलीस. त्या खोलीत कुणी ना कुणी मजूर बाई हंगामभर राहायची. जिनामागं झोपड्या दर वर्षी उठतच राहिल्या, आजही उठतात. मी शाळेत जाते तो रस्ता तिथूनच जातो.

त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात तुला छातीचा ताप आला. तू अंथरुणाला खिळलेला असताना तहसिलीतून एक कागद आला. मी उशाशी बसले होते. मी हात पुढं केला. तू तो कागद उशाखाली ठेवलास आणि म्हणालास, "पोस्टमास्तरले बलाव." रागानं नाही म्हणालास. थकलेला होतास. मी उठले आणि पोस्टमास्तरांना बोलावून आणलं. त्यांनी वाचलं, तू ऐकलंस आणि मान हलवलीस. चौथ्या दिवशी तू गेलास.

मी तीस वर्षांच्या आसपास या शाळेत काढली. गावातल्या किती तरी मुलींना मी लिहायला-वाचायला शिकवलं. लोक मला मान देतात आणि तो मी घेते. कालच्या मानपत्रात मी लिहिलं आहे की या गावानं श्रमाची कदर नेहमीच केली. नव्या प्रेसिडेंटनं आज निरोप धाडला की भाषा फार उत्तम उतरली आहे. खोल्यांच्या ठरावाबद्दल मी त्याला विचारलं नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत ते पोचायची वाटही नाही. तरी एक गोष्ट सांगते, कारण ती तुला माहीत नसणार. तू "माह्याच ध्यानात नाई राह्यलं" म्हणालास, तिला घेऊन उतरलास, गर्दीतून निघालास, आणि तुझी पाठ माझ्याकडं होती. तू गेल्यावर मी लाजेनं मान खाली घातली असेल, असं तुला वाटलं असेल. तसं झालं नाही. मला हायसं वाटलं. नोकरी राहिली, एवढंच मनात आलं. मी वळून मुलींना हातानं खूण केली आणि त्यांनी गाण्याचं शेवटचं कडवं म्हटलं.